भांडागारिकाची पाच लक्षणे आणि न्यासाच्या नोंदी

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात संघाचे भांडार सांभाळणाऱ्या भांडागारिकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. छंद, दोस, मोह व भय यांच्या अधीन न होणे ही पहिली चार. काय सुरक्षित आहे व काय नाही हे जाणणे, हे पाचवे. मालवण किनाऱ्यावरील विहार-न्यासाने सभासद व दानाच्या नोंदींसाठी संगणकप्रणाली निवडताना हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते.

परिचिताने सुचविली म्हणून प्रणाली घेणे हा छंद. विरोधी गटाने सुचविली म्हणून नाकारणे हा दोस. झगमगाटास भुलणे हा मोह. संगणकाच्या धास्तीने वहीलाच चिकटून राहणे हे भय.

पाचवे लक्षण अधिक व्यावहारिक आहे. नावे युनिकोड देवनागरीत असावीत. जुन्या फॉन्टांतील मजकूर अन्य संगणकावर निरर्थक चिन्हे होतो. गावची व मुंबईची वर्गणी एकाच यादीत यावी. पावसाळ्यात इंटरनेट खंडित झाले तरी नोंद थांबू नये. दात्याचा पत्ता व रक्कम अधिकृत व्यक्तीसच दिसावी. सिव्हीसीआरएम ही प्रणाली विनामूल्य आहे, परंतु तिच्या देखभालीस जाणकार लागतो. लहान शाखेस एक्सेलचा तक्ता पुरेसा होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्व नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता याव्यात. दानाचा हिशेब न्यासाचा आहे. तो विक्रेत्याच्या कुलपात अडकता कामा नये.