रँक तासांची की हाताची?

वर्ध्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ‘काँकरर’ हा शब्द उच्चारून बघा, दोन-चार माना हमखास वळतात. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे मुलांच्या तोंडचं बीजीएमआय, या खेळातला हा सर्वांत वरचा किताब. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या चढत गेल्यावर सगळ्यात शेवटी तो येतो आणि सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांनाच मिळतो. हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत मुलं ज्याच्यासाठी रात्री जागवतात, तो ‘रँक पुश’ या किताबाच्या दिशेनं चाललेला असतो. घरातली मोठी माणसं वैतागतात, मुलं चिडतात, फोन हिसकावला जातो. या सगळ्या भांडणात एक साधा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. ही रँक नेमकं काय मोजते? मुलाच्या हातातलं कसब, की त्यानं घातलेले तास?

माझा भाचा वर्ध्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं एकदा मला शेजारी बसवून पूर्ण मॅच दाखवली. ‘एरँगल’ नावाच्या नकाशावर विमानातून १०० जण उतरतात आणि शेवटी जो उरतो, तो जिंकतो. बाकीचे जिथे भराभर उड्या मारत होते, तिथे भाचा उतरलाच नाही. नकाशाच्या एका कडेला उतरला, दोन घरांतलं सामान गोळा केलं आणि बाथरूमचं दार लावून बसला. खेळाची सुरक्षित जागा लहान करत जाणारं निळं वर्तुळ आवळत आलं की उठायचं, गाडीनं पुढच्या घरात जायचं, पुन्हा दार लावायचं. मधूनमधून एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर घेऊन तब्येत भरायची. जवळजवळ अर्धा तास हे चाललं. त्यानं एकही गोळी झाडली नाही. शेवटी नवव्या क्रमांकावर तो बाद झाला आणि पडद्यावर त्याच्या रँकमध्ये हिरव्या अक्षरांत गुण वाढले.

मी म्हटलं, “अरे, तू तर कुणाला मारलंच नाहीस.”

“मारनं जरुरी नाही जी मामा,” तो म्हणाला, “टिकलं पायजे. टिकलं का प्लस भेटते.”

त्याच्या या एका वाक्यात सगळी व्यवस्था आली. या खेळात गुण देताना कितव्या क्रमांकापर्यंत टिकलात याला मोठं वजन असतं. खालच्या पायऱ्यांवर हरल्याचे ‘मायनस’ थोडे आणि टिकल्याचे ‘प्लस’ जास्त. त्यातच तिथले बरेचसे प्रतिस्पर्धी माणसं नसून ‘बॉट’, म्हणजे संगणकानं चालवलेले बाहुले असतात. पुरेसे तास घातले की साधारण खेळाडूही बराच वर सरकतो. दर हंगाम संपला की रँक खाली ओढली जाते आणि चढाई पुन्हा सुरू. गेमिंगच्या जगात याला ‘ग्राइंड’ म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर निव्वळ घासणं.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. वर्ध्याहून रेल्वेनं तासा-सव्वातासावर नागपूर. तिथल्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती, अनुभवानं आणि रेटिंगनंही वरचढ. दोन संथ डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्यानं बाजी मारली. एरवी ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या तीन कामगिऱ्या, लागतात. या विजयानं १९ वर्षांच्या दिव्याला तो किताब थेट मिळाला. बुद्धिबळातलं रेटिंग ज्या गणितावर चालतं, ते हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी इथे भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बसवलं. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं ते १९६० मध्ये घेतलं, जागतिक संघटनेनं १९७० मध्ये.

हे गणित समजून घेण्यासारखं आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के गुण अपेक्षित धरतात. २० चा गुणक, म्हणजे एका डावात पणाला लागणारे गुण, धरला तर तो जिंकल्यावर त्याला जेमतेम ५ गुण मिळतात आणि हरला तर १५ जातात. खालच्यानं त्याला हरवलं तर ते १५ त्याच्याकडे येतात. फरक ४०० चा असेल तर वरच्याला जिंकून दोन गुणही मिळत नाहीत. म्हणजे कच्च्या खेळाडूंना हरवत बसून कुणी फार वर चढू शकत नाही. तुमचा खेळ सुधारला नाही, तर हजार डाव खेळूनही तुम्ही जवळपास आहात तिथेच राहता. रेटिंग वाढायचं तर आधी तुम्ही बदलायला हवं.

सराव आणि ग्राइंड यांत लोक गल्लत करतात. दिव्यानंही लहानपणापासून पटावर अगणित तास घातले आहेत. पण त्या तासांनी खेळाडू घडली, आणि रेटिंग तिच्या मागून आलं. बाथरूमचं दार लावून काढलेला अर्धा तास माझ्या भाच्याच्या नेमबाजीत काडीचाही फरक करत नाही. त्यानं आकडा तेवढा वाढतो. तास दोघांचेही खरेच, पण माझ्या लेखी त्यांची किंमत एक नाही.

वर्ध्याच्या माणसाला हा वाद तसा नवा वाटू नये. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली आणि सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी सुताची अट आली: महिन्याला २००० वार, वर्षाला २४,००० वार. श्रम हाच सभासदाचा दाखला, अशी ती उदात्त कल्पना होती. पण त्याच ठरावात एक पळवाट राहिली. आजारपण, अनिच्छा किंवा अशाच कारणानं स्वतः कातता आलं नाही, तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत चालणार होतं. सूत विकत घेऊन सभासद होता येऊ लागलं. वारांत मोजलेला आकडा कुणाच्या हातचा, हे सूत सांगत नाही. वर्षही पुरतं सरलं नव्हतं, तोच सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ही अट सैल झाली, चार आणे परत आले आणि अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला.

पुढे याच चरखा संघानं ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्यात कातणाऱ्यांच्या किमान मजुरीचा निर्णय घेतला. त्यात माप धरलं गेलं ते आठ तासांच्या कार्यक्षम कामाचं. ‘कार्यक्षम’ या एका अटीमुळे नुसतं बसून राहण्याला मोल उरलं नाही. सूत किती अंकाचं, म्हणजे पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात, ते सारखं आहे का, ओढल्यावर टिकतं का, हेही पाहिलं जाऊ लागलं. आणि तरीही तासांचा मान गेला नाही: आठ तास नीट काम करणाऱ्याचं पोट भरलं पाहिजे, हा गांधीजींचा आग्रहच होता. विनोबांनी नालवाडीत स्वतः रोज तासन्‌तास कातून त्या मजुरीवर जगून पाहिलं ते याच दिवसांत. वेळ आणि कसब दोन्ही मोजायचं, पण एकमेकांत कालवायचं नाही, ही दृष्टी त्या ठरावात मला दिसते. आजच्या गेम बनवणाऱ्यांना नेमकी तीच सापडत नाही, किंवा सापडलेली त्यांना परवडत नाही.

त्यांच्यापैकी काहींनी प्रयत्न केले. २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात मानाची क्रमवारी आली. आठवडाभरात इतरांपेक्षा जास्त मान मिळवायचा आणि ढिलाई केली की घसरायचं. सर्वांत वरचा १४ वा हुद्दा गाठायला इतका वेळ लागायचा की एकाच खात्यावर दोन-तीन मित्र पाळीपाळीनं रात्रंदिवस खेळायचे. हुद्दा मिळायचा एका नावाला, झिजायची तिघांची शरीरं. २००६ च्या अखेरीस कंपनीनं ती पद्धतच काढून टाकली आणि पुढे एलोसारख्या रेटिंगवर चालणारे संघांचे सामने आणले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘ट्रूस्किल’ नावाचं गणित तयार केलं. ते खेळाडूच्या कौशल्याबरोबर त्या अंदाजातली अनिश्चितताही मोजतं. २००७ च्या ‘हेलो ३’ मध्ये त्याच्या आधारानं कौशल्याचा १ ते ५० असा आकडा दाखवला जायचा आणि खेळून मिळवलेल्या अनुभवाचे गुण वेगळे. दोन वह्या, दोन हिशेब. मला आजवरची ही सर्वांत प्रामाणिक मांडणी वाटते.

मग सगळेच असं का करत नाहीत? कारण खरं रेटिंग बोचतं. बहुतेक माणसं मध्यम असतात, आणि खरा आकडा त्यांना ते रोज सांगतो. असा आकडा पाहून माणूस खेळणं सोडतो आणि खेळणं सुटलं की कंपनीचं उत्पन्न सुटतं. म्हणून ‘लीग ऑफ लेजंड्स’नं २०१३ मध्ये उघडं एलो रेटिंग हटवून विभाग आणि श्रेणी आणल्या, जोड्या लावणारा खरा आकडा पडद्यामागे गेला. आज बऱ्याच मोठ्या खेळांत असे दोन आकडे असतात. एक यंत्राला माहीत असलेला, दुसरा तुम्हाला खूश ठेवणारा.

ग्राइंडच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मनापासून म्हणावीशी वाटते. कारंजा-आष्टीकडच्या गावात स्वस्तातला फोन घेऊन खेळणारा मुलगा आणि शहरात महागडा फोन, वेगवान वाय-फाय घेऊन बसलेला मुलगा यांचं कसब सारखं असलं, तरी निकाल सारखा लागत नाही. गोळी झाडल्याची खबर सर्व्हरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, म्हणजे ‘पिंग’, गावात जास्त; पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं कमी; आणि ऐन मॅचमध्ये लाइट जाते ती निराळीच. कौशल्याचं शुद्ध मापही अशा वेळी फोनचं माप होऊन बसतं. त्या मुलाकडे भरपूर असतो तो वेळ. त्या वेळाला काही बक्षीस मिळालं, तर मला त्यात अन्याय दिसत नाही.

पण तेवढा न्यायही टिकत नाही, कारण वेळसुद्धा विकत मिळतो. रोजची कामं करून चढायच्या ‘रॉयल पास’च्या पायऱ्या ‘यूसी’ हे खेळातलं चलन खर्चून एका बोटात ओलांडता येतात. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट लागणार होते, म्हणजे खेळाडूंच्या हिशेबानं सुमारे ४० तास. आणि दुसरीकडे पैसे टाकून नशीब आजमावायच्या पेट्या होत्याच. जगभरचे खेळाडू इतके भडकले की कंपनीला किंमत खाली आणावी लागली आणि पैशांची खरेदी काही काळ थांबवावी लागली. आपल्याकडे याचाच गल्लीतला अवतार म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याची आयडी चालवून रँक चढवून देणारे. बेळगावचं विकतचं सूत शंभर वर्षांनी टेलिग्रामवर आलं म्हणायचं. यात पैसे जातात, अनेकदा आयडीही जाते आणि मुलाला मिळालेला किताब पहिल्याच खऱ्या सामन्यात उघडा पडतो.

खरे सामने वेगळेच असतात. बीजीएमआयच्या मोठ्या अधिकृत स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १ असे गुण आणि बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण, असा हिशेब अलीकडे रूढ झाला आहे. आठव्यानंतर नुसतं टिकल्याचं काहीच मिळत नाही. माझ्या भाच्याचा नववा क्रमांक तिथे शून्य. २०२१ च्या बॅटलग्राउंड्स इंडिया सीरिजला एक कोटीची बक्षिसं होती आणि उतरायला प्लॅटिनमची पायरी पुरत होती. काँकररची अट नव्हती, कारण स्पर्धा घेणाऱ्यांना रँकची किंमत ठाऊक होती.

खेळात जाणाऱ्या वेळेकडे सरकारचंही लक्ष गेलं. जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब झालेला हा खेळ २९ मे २०२३ ला परतला तो वेळेचं बंधन घेऊन: १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६. चीननं २०२१ मध्ये अल्पवयीनांना आठवड्याला फक्त ३ तास ठेवले आहेत. आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करताना ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळं स्थान दिलं. ते योग्यच झालं. पण ई-स्पोर्ट्स आणि रँक पुश एकच, असा समज करून कुणी शिक्षण सोडत असेल, तर कायदा त्याला वाचवू शकत नाही.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आपली रँक दाखवायला आला, तर त्याला झिडकारू नका. त्याच्याशेजारी बसा आणि प्रोफाइल उघडायला सांगा. एकूण मॅच किती, दर मॅचमागे सरासरी ‘फिनिश’, म्हणजे बाद केलेले प्रतिस्पर्धी, किती, आणि गेल्या हंगामापेक्षा ती सरासरी वाढली का, एवढं बघा. वाढली असेल तर मुलगा काहीतरी शिकतोय. त्याला चांगले प्रतिस्पर्धी आणि ठरावीक वेळ द्या. मॅचेस तेवढ्या वाढल्या असतील, तर तेही त्याला प्रेमानं आणि स्पष्ट सांगा. आणि १८ वर्षांखालच्या मुलाच्या खात्यासाठी पालकांच्या फोनवर ओटीपी येतो, तो नेमका कशासाठी आलाय हे वाचल्याशिवाय सांगू नका.