जप्त केलेल्या नाशवंत मालाचा लिलाव

सरकारी देणें थकलें म्हणजे जप्ती येते, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु जप्त झालेला माल नाशवंत असल्यास त्याच्या विक्रीचे नियम इतर मालाहून निराळे असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. आणि ती ध्यानांत येते तेव्हां माल बहुधा दुसऱ्याच्या गाडींत भरला गेलेला असतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वयें बाकीदाराची जंगम मिळकत जप्त करून विकतां येते. ही रीत केवळ जमिनीच्या साऱ्यापुरती नाहीं. पाटाच्या पाणीपट्टीसारखीं जीं देणीं जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होतात, त्यांसही ती लागू पडते. सामान्य जंगम मालाच्या बाबतींत जाहीरनामा काढावा लागतो, आणि त्यानंतर निदान ७ दिवस उलटल्याशिवाय लिलाव करतां येत नाहीं. तेवढ्या अवधींत शेतकरी उसनवारी करून माल सोडवूं शकतो.

नाशवंत मालास हा अवधि नाहीं. त्याचा लिलाव शक्य तितक्या लवकर करावा, आणि लिलाव करणाऱ्या अंमलदारानेंच तो जागच्या जागीं कायम करावा, असें कायदा सांगतो. वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाहीं. यांत अन्याय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. सडलेल्या टोमॅटोनें सरकारची बाकीही फिटत नाहीं आणि शेतकऱ्याचें कर्जही. दिवाणी हुकुमाच्या जप्तींतही माल लवकर नासणारा असेल, अथवा तो सांभाळण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होण्याचा संभव असेल, तर तो ताबडतोब विकतां येतो. परंतु घाईच्या लिलावास गिऱ्हाईक थोडें, आणि गिऱ्हाईक थोडें म्हणजे भाव पडलेला, हें सांगावयास नको.

येथें खरा प्रश्न असा कीं, नाशवंत कशास म्हणावें? द्राक्षें, पालेभाजी, फुलें यांविषयीं वाद नाहीं. पण कांदा घ्या. उन्हाळी कांदा नीट सुकवून चाळींत ठेवला तर कित्येक महिने टिकतो. खरिपाचा कांदा तसा टिकत नाहीं. दोन्ही ढीग एकाच खळ्यांत पडलेले असले तर पाहणाऱ्यास दोन्ही कांदेच! म्हणून आपला माल टिकाऊ असल्यास तें त्याच वेळीं अंमलदारास सांगून पंचनाम्यांत नोंदवून घ्यावें, आणि त्याची नक्कल मागावी. वजन व प्रतही लिहवून घ्यावी. "दहा गोण्या कांदा" एवढ्यावर सही करूं नये.

कांद्याच्या जप्तीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांतील सत्याग्रहांत एका शेतांतील कांद्याचें पीक जप्त झालें होतें. गांधीजींस ती जप्ती गैर वाटली. त्यांच्या सल्ल्यानें मोहनलाल पंड्या व त्यांचे सोबती यांनीं तो कांदा काढून नेला. त्यांस कैद झाली आणि लोकांनीं पंड्यांस 'कांदाचोर' ही पदवी बहाल केली. तो सामुदायिक लढा होता. एकट्या बाकीदारानें जप्तींतील मालास हात लावला तर पदवी मिळणार नाहीं, खटला मात्र होईल.

बोली कायम होण्यापूर्वीं बाकी व जप्तीचा खर्च भरल्यास, अथवा तारण दिल्यास, लिलाव थांबवावा लागतो. रक्कम लिलाव करणाऱ्या अंमलदाराकडेही भरतां येते. पावती तेथेंच घ्यावी. शेतीचीं अवजारें, निर्वाहास आवश्यक तेवढीं गुरें व बियाणें यांस दिवाणी कायद्याच्या कलम ६० प्रमाणें जें संरक्षण आहे, तें महसुलाच्या जप्तींतही मिळतें. बियाण्याची पोतीं मालाच्या ढिगाबरोबर ठेवलेलीं असतील तर तीं आधींच वेगळीं दाखवावीं. विक्रींतून खर्च व बाकी वजा जातां जी शिल्लक राहील ती बाकीदाराची असते. ती आपणहून घरीं येईल या भरंवशावर न राहतां तहसील कचेरींत लेखी अर्ज करून मागावी.