विश्लेषण : प्रेमाने मनाचा आजार बरा होतो का? ‘हार्टस्टॉपर’मधील निक आणि चार्ली काय सांगतात?

शाळेतल्या प्रेमकथेत होकार मिळाला की गोष्ट संपते. ‘हार्टस्टॉपर’ ही ब्रिटिश चित्रकादंबरी मात्र होकारानंतरच्या प्रश्नाकडे जाते : आपले माणूस आतून खचत असेल तर काय करायचे?

ही मालिका सुरू कशी झाली?

ॲलिस ओसमन यांची पहिली कादंबरी ‘सॉलिटेअर’ २०१४ मध्ये आली. त्यातील नायिकेचा भाऊ चार्ली आणि त्याचा जोडीदार निक यांची आधीची गोष्ट ओसमन यांनी २०१६ पासून वेबकॉमिक म्हणून इंटरनेटवर मांडली. पहिला खंड २०१८ मध्ये वाचकांच्या वर्गणीतून छापला गेला. २०२२ मध्ये त्यावर नेटफ्लिक्सची मालिका आली; तिची पटकथाही ओसमन यांचीच.

गोष्ट काय आहे?

चार्ली समलिंगी असल्याचे शाळेत कळते आणि त्याचा छळ सुरू होतो. बेन नावाचा मुलगा त्याला लपूनछपून भेटतो, पण चारचौघांत ओळखही दाखवत नाही. पुढे वर्गात शेजारी बसणारा, रग्बी खेळणारा निक त्याचा मित्र होतो आणि मैत्रीचे प्रेम होते.

निकचे प्रेम वेगळे कसे?

चार्ली नको म्हणत असताना बेन जबरदस्ती करतो, तेव्हा निक मध्ये पडतो. निकलाही स्वतःविषयी प्रश्न आहेत. ते उलगडायला चार्ली त्याला वेळ देतो. आपले नाते जाहीर कर म्हणून मागे लागत नाही. छळामुळे चार्लीला उठसूट ‘सॉरी’ म्हणायची सवय लागली आहे. ती एका दिवसात जात नाही आणि कादंबरीही तसे दाखवत नाही.

मग आजाराचे काय?

तिसऱ्या खंडात, पॅरिसच्या सहलीत, चार्ली जेवण टाळतो हे निकच्या लक्षात येते. चौथ्या खंडात निक त्याच्याशी थेट बोलतो आणि चार्ली आईवडिलांना सांगतो तेव्हा त्याच्या सोबत राहतो. पुढे चार्ली उपचारांसाठी दाखल होतो. जिवापाड प्रेम असले तरी आपण डॉक्टर नाही, हे निकला कळणे हाच कादंबरीचा गाभा. त्यामुळे त्याच्या डोक्यावरचे ओझेही उतरते.

मित्राने काय करावे?

खाण्याचे विकार हा हट्ट किंवा डाएटचे फॅड नसून मानसिक आजार असतो. म्हणून ताटावर पहारा ठेवू नये, शरीरावर शेरे मारू नयेत. जे दिसले ते शांतपणे बोलावे, ऐकून घ्यावे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत जायला सोबत करावी. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असली, तरी जिवाला धोका असेल तर गप्प राहू नये.

भारतात मदत कुठे?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येते. मित्राच्या काळजीने स्वतः थकलेल्यांनीही फोन करायला हरकत नाही.