चिनी नाण्यांवरील चार अक्षरें : ओळख आणि सावधगिरी

चीन देशांतील तांब्याच्या मिश्रधातूचीं, वाटोळीं व मध्यें चौकोनी छिद्र असलेलीं नाणीं आपल्याकडील संग्राहकांच्या हातीं अधूनमधून येतात. लिपि अपरिचित असल्यामुळें 'एक जुनें चिनी नाणें' एवढीच नोंद होऊन तीं बहुधा बाजूस पडतात. वस्तुतः चिनी भाषा न जाणणारासही थोड्या सरावानें त्यांपैकीं पुष्कळांचें कुळ ओळखतां येतें. मात्र नाण्यावरील नांव वाचलें कीं त्याचा काळ ठरला, असें मानणें घातक होय. शहाआलमचें नांव असलेला रुपया दिल्लीचाच, असें आपल्याकडील कोणीही जाणता म्हणणार नाहीं. कारण त्या नांवाचे रुपये मराठ्यांच्या व कंपनीच्या टांकसाळींतही पडत असत. तोच न्याय येथें लावला पाहिजे.

हीं नाणीं ठशानें पाडलेलीं नसून सांच्यांत ओतलेलीं असतात. ओतल्यावर तीं चौकोनी सळईवर ओंवून त्यांच्या कडा कानशीनें घांशीत. छिद्र चौकोनी असल्यामुळें नाणें सळईवर फिरत नसे. एरवीं हजार नाण्यांची एक माळ करीत. युरोपीय लोक यांस 'कॅश' म्हणतात. हा शब्द तमिळ 'कासु' यापासून पोर्तुगीजांच्या द्वारें रूढ झाला.

प्रथम अक्षरें मोजावीं. दोनच असल्यास नाणें बहुधा इ. स. ६२१ च्या पूर्वीचें असतें. इ. स. पूर्वीं २२१ मध्यें चीन एकछत्री करणाऱ्या छिन सम्राटाचें 'बान ल्यांग' व हान सम्राट वू यानें इ. स. पूर्वीं ११८ मध्यें सुरू केलेलें 'वू चू' हीं त्यांतील मुख्य होत. दोन्ही नांवें वजनाचीं आहेत : पहिल्याचा अर्थ अर्धा ल्यांग, दुसऱ्याचा पांच चू. बान ल्यांगास बहुधा कांठ नसतो. वू चूस उठावदार कांठ असतो.

अक्षरें चार असल्यास त्यांत 'पाओ', म्हणजे निधि, हें अक्षर शोधावें. त्याच्या माथ्यावर घराच्या छपरासारखी खूण व तळाशीं दोन आंखूड पाय फुटलेलें शिंपल्याचें चिन्ह असतें. तें छिद्राच्या डावीकडे येईल असें नाणें धरलें म्हणजे पहिलें अक्षर वर येतें. नंतर 'थुंग', म्हणजे चलनी, हें अक्षर पहावें. तें उजवीकडे असेल तर वर, खालीं, उजवें, डावें या क्रमानें वाचावें. खालीं असेल तर घड्याळाच्या कांट्याप्रमाणें वाचावें. कित्येक नाण्यांवर 'थुंग' ऐवजीं 'युआन' असतें. त्यांसही हाच नियम लागू पडतो. पहिलीं दोन अक्षरें बहुधा सम्राटानें आपल्या कारकीर्दीस किंवा तिच्या एका भागास दिलेलें शुभनाम असतें. सोंग सम्राट रेन त्सुंग यानें अशीं नऊ नामें धारण केलीं. पुढें मिंग व छिंग घराण्यांत एका सम्राटास बहुधा एकच नाम असे.

येथपर्यंत वाट सोपी आहे; पुढें दोन खड्डे आहेत. पहिला 'काइ युआन थुंग पाओ' या नाण्याचा. इ. स. ७१३ ते ७४१ या काळांत थांग सम्राटाचें 'काइ युआन' हें नाम चालू होतें. त्यावरून हें नाणें त्याचें मानण्याचा मोह होतो. परंतु हें नाणें त्याच्या पूर्वजानें इ. स. ६२१ मध्येंच सुरू केलें होतें व थांग अमलभर तें ओतलें जात होतें. येथें निर्णय पाठीवरून होतो. इ. स. ८४५ मध्यें बौद्ध मठांतील घंटा व मूर्ति वितळवून जीं काइ युआन नाणीं ओतलीं, त्यांच्या पाठीवर टांकसाळीचें एक अक्षर आढळतें.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. 'युआन फंग थुंग पाओ' हें नाणें सोंग काळांतील, इ. स. १०७८ ते १०८५ चें. पण जपानांत नागासाकी येथें इ. स. १६५९ ते १६८५ पर्यंत परदेशी व्यापाराकरितां याच नांवाचीं नाणीं ओतण्यांत आलीं. मूळ नाण्यांवर बहुधा शिक्क्यांची वळणदार लिपि किंवा धांवती लिपि असते. म्हणून सुट्या, सरळ वळणाच्या अक्षरांचें युआन फंग दिसल्यास प्रथम नागासाकीचा संशय घ्यावा. नांव एकच, अंतर पावणेसहाशें वर्षांचें!

पाठ पाहण्याची संवय यासाठींच लावून घ्यावी. इ. स. ११८० पासून दक्षिण सोंगांच्या नाण्यांवर पाठीमागें राजवर्षाचा आंकडा येऊं लागला. छिंग नाण्यांच्या पाठीवर बहुधा मांचू लिपि असून उजवीकडील शब्द टांकसाळीचें नांव सांगतो. खऱ्या नाण्यावरून सांचा करून काढलेली नक्कल धातु थंड होतांना आकसल्यामुळें मूळापेक्षां किंचित् लहान भरते; म्हणून व्यास व वजनही नोंदावें.

हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हे. तंजावर जिल्ह्यांत चिनी नाण्यांचे ठेवे सांपडले आहेत. चिनी नोंदींप्रमाणें इ. स. १०७७ मध्यें चोळांच्या ७२ माणसांच्या वकिलातीस सोंग दरबारानें नाण्यांच्या ८१,८०० माळा दिल्या होत्या. चीन व दक्षिण हिंदुस्थान यांच्या व्यवहाराचा असा पुरावा जेथें संभवतो, तेथें ठेव्याचा काळ त्यांतील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ठरतो. तें एक नाणें चुकीचें वाचलें कीं सारा ठेवाच शतकांनीं पुढें किंवा मागें सरकतो. म्हणून नाणें घांसून चकचकीत करूं नये, ठेवा फोडून वाटूं नये, व सांपडल्याचें गांव, सोबतच्या वस्तु आणि दोन्ही बाजूंचे ठसे यांची नोंद करावी. वाचन चुकलें तर पुढचा अभ्यासक तें सुधारील. पण हरवलेलें स्थळ त्यास कोणीही परत देऊं शकणार नाहीं.