कोड डाउनलोड केला, पण नेमका कोणता?

पेपरच्या दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअरने एक साधी मागणी केली होती: आणखी एका तापमानाला पाण्यातले हायड्रोजन बंध मोजून दाखवा. दोन दिवसांचं काम आहे, असं गाईडना सांगून मी मोकळी झाले. आधीचे आकडे ज्या कोडने काढले होते तो एका सार्वजनिक रेपॉझिटरीतला. मधल्या काळात लॅबचा कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला, म्हणून कोड पुन्हा उतरवून घेतला आणि खात्रीसाठी आधी जुन्याच डेटावर चालवून बघितला. पेपरमध्ये आम्ही दर रेणूमागे ३.५८ बंध दिले होते. आता आले ३.४१.

डेटा तोच, इनपुट फाइल तीच. बदलला होता कोड. दोन ऑक्सिजन किती जवळ असले की बंध धरायचा, याची डीफॉल्ट मर्यादा वर्षभरात ३.५ अँगस्ट्रॉमवरून ३.३ झाली होती. कोड लिहिणाऱ्यांची यात काही चूक नाही, त्यांनी बदलाची नोंदही केली होती. चूक माझी. एक तर ती मर्यादा मी इनपुटमध्ये स्वतः द्यायला हवी होती. आणि त्याहून मोठी म्हणजे, पहिल्या वेळी हिरव्या बटणावर क्लिक करून झिप घेतली, पण कोणत्या अवस्थेतला कोड घेतला हे कुठेच लिहून ठेवलं नाही.

तुम्ही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीला लागाल तेव्हा कोणीतरी सीनियर म्हणेल, ‘अगं, गिटहबवरून घे ना उतरवून,’ आणि चहाला निघून जाईल. त्या एका वाक्यात काय काय दडलंय ते आज बघू.

गिट हे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. गिटहब ही अशा रेपॉझिटरी ठेवण्याची जागा, २००८ पासूनची. गिटलॅब तशीच दुसरी. म्हणजे गिट आणि गिटहब एक नव्हे, हे व्हायव्हाला विचारलं तर गोंधळू नका. रेपॉझिटरी म्हणजे फाइलींचं नुसतं फोल्डर नाही, फोल्डर अधिक त्याचा सगळा इतिहास. कोड लिहिणारा प्रत्येक टप्प्यावर ‘कमिट’ करतो आणि त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींवरून, आधीच्या इतिहासावरून, नाव-तारखेवरून गिट एक खूण काढतं. साधारणपणे ही ४० अक्षरांची असते, ० ते ९ आणि ए ते एफ यांची. कोडमध्ये एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी नव्या कमिटची खूण वेगळी. माझ्याकडे हीच नव्हती.

झिप घेतली की त्या दिवशीच्या फाइली मिळतात, इतिहास मिळत नाही. क्लोन केलं की दोन्ही मिळतं. उदाहरण म्हणून लॅम्प्स घेऊ, कारण रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्या बऱ्याच जणांची गाठ त्याच्याशी पडते. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतून आलेला, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, मुक्त स्रोत कोड. टर्मिनल उघडा (विंडोजवर गिट बसवलंत की गिट बॅश मिळतं, ते चालेल) आणि ‘गिट क्लोन’ लिहून पुढे रेपॉझिटरीचा पत्ता द्या. पत्ता त्याच हिरव्या बटणाखाली असतो. मी इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.

आता खरी मेख. नुसतं क्लोन केलं तर तुम्हाला रेपॉझिटरीची मुख्य शाखा मिळते. लॅम्प्समध्ये ती ‘डेव्हलप’ आहे, म्हणजे जिथे काम चालू आहे ती. शिवाय ‘रिलीज’ आणि ‘स्टेबल’ अशा दोन शाखा आहेत. प्रबंधासाठी आकडे काढायचे असतील तर स्टेबल घ्या: ‘गिट क्लोन -बी स्टेबल’ आणि मग पत्ता. पण शाखेचं नाव लिहून ठेवणं पुरेसं नाही. शाखा पुढे सरकत राहते, आजची स्टेबल आणि पुढच्या वर्षीची स्टेबल वेगळी. जागेवर राहतो तो टॅग. लॅम्प्सच्या आवृत्त्यांना तारखांचीच नावं असतात, उदाहरणार्थ २९ ऑगस्ट २०२४ ची स्टेबल आवृत्ती. ‘गिट टॅग’ म्हटलं की यादी येते, त्यातलं नाव घेऊन ‘गिट चेकआउट’ करायचं. त्यानंतर ‘डिटॅच्ड हेड’ असा लांबलचक संदेश येतो. काही तुटलेलं नाही, तुम्ही शाखेच्या टोकावर नसून मधल्या एका ठिकाणी उभे आहात एवढंच तो सांगतो. मी पहिल्यांदा तो वाचून फोल्डरच डिलीट केलं होतं.

मग ‘गिट रेव्ह-पार्स हेड’. उत्तरात ती ४० अक्षरं येतील. ती कॉपी करून वहीत, म्हणजे ज्या फाइलीत तुम्ही रोजच्या नोंदी ठेवता तिथे, तारखेसकट चिकटवा. टॅग माहीत असताना हे कशाला? कारण टॅगसुद्धा मालकाने मनात आणलं तर हलवता येतो. आणि ‘लॉग फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती येतेच की’ असं म्हणाल, तर तिथली तारीख जाहीर झालेल्या आवृत्तीची असते. दोन आवृत्त्यांच्या मधला कोड घेतला असेल तर ती तारीख पुरत नाही. स्वतः कोडमध्ये काही फिरवलं असेल तर ‘गिट डिफ’चा निकालही त्याच नोंदीत ठेवा. रात्री दोनला बदललेली ती एक ओळ महिन्याने आठवत नाही.

कधीकधी उतरवलेल्या कोडमधलं एखादं फोल्डर रिकामंच निघतं. तो सबमॉड्यूलचा प्रकार: एका रेपॉझिटरीत दुसरीचा नुसता निर्देश असतो. झिपमध्ये तो भाग येतच नाही. क्लोन करताना ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ जोडलं की येतो. तसंच, मोठी डेटा फाइल उघडली आणि आत फक्त तीनेक ओळी दिसल्या तर गिट एलएफएस बसवायचं राहिलंय असं समजा.

होस्टेलचं वायफाय असेल तर मोठा इतिहास उतरायला तासन्‌तास लागतील. ‘--डेप्थ १’ दिलं की फक्त शेवटची कमिट येते. खूण मिळते, काम भागतं. मागचा इतिहास हवा झाला तर नेट बरं असेल तेव्हा ‘गिट फेच --अनशॅलो’.

लायसन्सची फाइल वाचा. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो मुक्त स्रोत आहे असं नाही. लायसन्सच नसेल तर हक्क लेखकाकडेच राहतात आणि बदलून पुढे वाटण्याआधी त्याला ईमेल करून विचारावं लागतं. ‘सायटेशन’ नावाची फाइल असेल तर पेपरमध्ये संदर्भ कसा द्यायचा ते त्यात असतं. कोड लिहिणारेही बहुतेक वेळा आपल्यासारखेच कुठल्यातरी लॅबमधले असतात, त्यांना तो संदर्भ हवा असतो.

रेपॉझिटरीच नाहीशी झाली तर? होतं असं. गूगल कोड ही एकेकाळची मोठी जागा २०१६ मध्ये बंद झाली. म्हणून ज्यावर तुमचे आकडे उभे आहेत त्या कोडची प्रत स्वतःकडे ठेवाच. तुमचा स्वतःचा कोड असेल तर सर्नच्या झेनोडोवर ठेवलात की डीओआय मिळतो आणि तो पेपरमध्ये देता येतो. दुसऱ्याचा सार्वजनिक कोड असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात त्या रेपॉझिटरीचा पत्ता देऊन ती जतन करण्याची विनंती कोणालाही करता येते.

माझ्या ३.५८ चं काय झालं? गिटहबवरून उतरवलेल्या झिपमध्ये कमिटची खूण शेरा म्हणून दडवलेली असते, हे मला तेव्हा कळलं. ‘अनझिप -झेड’ आणि फाइलचं नाव दिलं की ती दिसते. अट एकच: मूळ झिप हवी, उघडलेलं फोल्डर चालत नाही. माझी तर डिस्कबरोबर गेलेली. लॅबमधल्या ज्युनिअरने मात्र वर्षभरापूर्वी माझ्याकडूनच ती पेनड्राइव्हवर घेतली होती आणि तिच्या सवयीप्रमाणे काहीही डिलीट केलेलं नव्हतं. खूण मिळाली, ती कमिट चेकआउट केली, जुन्या डेटावर चालवली. ३.५८. मग नव्या तापमानाचा आकडा काढला आणि रिव्ह्यूअरला उत्तर पाठवलं, दोन दिवसांऐवजी पाच आठवड्यांनी. पद्धतीच्या भागात आता मर्यादा ३.५ अँगस्ट्रॉम असं स्पष्ट लिहिलंय आणि त्याखाली ती ४० अक्षरं आहेत.