निळ्या संघाची गोष्ट आणि आपली पोरं

मंडळी, रिग्गईत काय किंवा फरवानियात काय, आपल्या मराठी माणसाचा जीव क्रिकेटमध्येच अडकलेला! पण इथंच जन्मलेल्या आपल्या पोरांच्या तोंडी फुटबॉल असतो. तेव्हा ज्या देशात आपली चूल पेटते, त्याच्या 'अल-अझरक', म्हणजे निळ्या संघाची थोडी ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?

जगाला हा संघ आठवतो तो एका शिट्टीमुळे. 1982 साली कुवेत पहिल्यांदा (आणि आजवर एकदाच) विश्वचषकाला गेला. आखातातल्या अरब देशांपैकी तिथं पोचलेला हा पहिलाच. सलामीला चेकोस्लोव्हाकियाशी 1-1 बरोबरी, म्हणजे सुरुवात झकास! मग 21 जूनला स्पेनमधल्या वायादोलिदला गाठ पडली फ्रान्सशी. फ्रान्स 3-1 नं पुढे असताना प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी फुंकली. रेफरीचीच समजून कुवेतचे खेळाडू जागच्या जागी थांबले आणि जिरेसनं गोल मारला. झालं! खेळाडू हटून बसले. कुवेत फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहाद अल-अहमद, तेव्हाच्या अमीरांचे बंधू, थेट मैदानात उतरले. आणि सोव्हिएत रेफरी स्तुपार यांनी चक्क गोल रद्द केला! शेवटी फ्रान्सनं आणखी एक गोल केलाच, निकाल 4-1. म्हणजे एवढं रामायण घडून आकडा तोच.

परदेशी लोक हे हसत सांगतात. मला ते अन्यायाचं वाटतं. कारण याच संघानं दोनच वर्षं आधी, 30 सप्टेंबर 1980 रोजी, इथंच कुवेतमध्ये दक्षिण कोरियाला 3-0 नं हरवून आशियाई चषक जिंकला होता. त्यातले दोन गोल फैसल अल-दखीलचे. त्याआधी उपांत्य फेरीत इराणला गारद केलं, ज्या इराणनं 1976 च्या अंतिम सामन्यात कुवेतला हरवलं होतं. ओळख सांगायचीच तर ही सांगावी ना!

आणि शेख फहाद? 2 ऑगस्ट 1990 ला इराकी सैन्य घुसलं, तेव्हा दसमान राजवाड्यापाशी लढताना ते मारले गेले. त्या ऑगस्टमध्ये हातातल्या एका बॅगेनिशी इथून निघालेली माणसं आपल्यातही आहेत. त्यांना त्या मैदानातल्या प्रसंगाचं हसू येत नाही. त्याच वर्षीच्या वसंतात निळ्या संघानं आखाती चषक जिंकला होता. हा चषक कुवेतनं एकूण दहा वेळा जिंकलाय, इतर कुणाहीपेक्षा जास्त.

आता आपल्या घरातली गोष्ट. 16 नोव्हेंबर 2023, गुरुवारची संध्याकाळ. आपल्याला जवळच असलेल्या अर्दियाच्या जाबेर अल-अहमद स्टेडियमवर विश्वचषक पात्रता सामना, कुवेत विरुद्ध भारत! तिरंगे घेऊन भारतीय मंडळी लोटली होती. 75 व्या मिनिटाला मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या छांगटेनं डावीकडून चेंडू दिला, मनवीर सिंगनं तो जाळ्यात धाडला आणि भारत 1-0 नं जिंकला.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ चिरंजीवांना घेऊन गेले होते. गोल झाल्यावर बाबा खुर्चीवर उभे, पोरगा मात्र बसलेला. "अरे, आपण जिंकतोय!" तर म्हणतो, "बाबा, माझ्या टीममधले निम्मे मित्र पलीकडच्या स्टँडमध्ये बसलेत." बाबा जरा दुखावलेच. घरी आल्यावर आईनं बजावलं, "त्याला काही बोलू नका. तो इथलाच वाढलाय."

पुढं 6 जून 2024 ला कोलकात्यात हेच दोन संघ पुन्हा भिडले. सुनील छेत्रीचा तो तेव्हा शेवटचा म्हणून ठरलेला आंतरराष्ट्रीय सामना. 0-0 सुटला आणि काही दिवसांत पुढच्या फेरीत गेला तो कुवेत. बाबांचा चेहरा उतरला. चिरंजीव छेत्रीसाठी हळहळले, आणि मग हळूच खाली मित्रांकडे सटकले.