उभयपक्षीयता आणि पक्षनिष्ठा : मार्गारेट चेस स्मिथ

‘उभयपक्षीय’ आणि ‘पक्षनिरपेक्ष’ या संज्ञा राजकीय लेखनात पुष्कळदा समानार्थी म्हणून योजिल्या जातात. वस्तुतः त्यांत महत्त्वाचा भेद आहे. पक्षनिरपेक्ष व्यक्ती पक्षाबाहेर उभी असते. उभयपक्षीय वर्तन पक्षात राहूनच करावयाचे असते, आणि म्हणून त्याची किंमतही स्वपक्षातच मोजावी लागते. अमेरिकेतील मेन राज्याच्या रिपब्लिकन सदस्या मार्गारेट चेस स्मिथ (१८९७–१९९५) यांच्या कारकीर्दीवरून हा भेद स्पष्ट होतो.

पती क्लाइड स्मिथ यांच्या निधनानंतर १९४० मध्ये त्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. १९४९ ते १९७३ या काळात त्या सेनेटच्या सदस्या होत्या. दोन्ही सभागृहांत काम केलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. सैन्यात स्त्रियांना केवळ राखीव दलात स्थान द्यावे, असे प्रतिनिधिगृहाच्या समितीने ठरविले, तेव्हा विरोधी मत एकट्या श्रीमती स्मिथ यांचे होते. अखेरीस कायम सेवेचा हक्क देणारा कायदा संमत झाला, आणि १२ जून १९४८ रोजी डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

खरी कसोटी १९५० मध्ये लागली. शासनात कम्युनिस्ट शिरले आहेत, असे आरोप त्यांच्याच पक्षाचे सेनेटर जोसेफ मॅकार्थी करीत होते. १ जून रोजी श्रीमती स्मिथ यांनी सेनेटमध्ये सदसद्विवेकाचे निवेदन केले. त्यास आणखी सहा रिपब्लिकन सदस्यांची संमती होती. या भाषणाची रचना लक्षणीय आहे. त्यात मॅकार्थींचे नाव एकदाही येत नाही. रिपब्लिकन, स्त्री, सेनेटर आणि अमेरिकन अशा चार नात्यांनी आपण बोलत आहो, असे त्या सांगतात. एका नात्याने दुसऱ्याचा निरास होत नाही. ट्रूमन शासनावर टीका करून स्वपक्षाचा विजय त्या इच्छितात; मात्र भय, अज्ञान, असहिष्णुता आणि बदनामी यांच्या बळावर मिळणारा विजय त्यांना नको असतो. पुढील वर्षी मॅकार्थींनी त्यांना चौकशी उपसमितीतून दूर केले. १९५४ मध्ये सेनेटने मॅकार्थींच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला. श्रीमती स्मिथ यांचे मत ठरावाच्या बाजूने होते.

यावरून त्यांना मवाळ समजणे चुकीचे ठरेल. कम्युनिझमला त्यांचा विरोध तीव्र होता आणि व्हिएतनाम युद्धाचेही त्यांनी समर्थन केले. तथापि, रिपब्लिकन अध्यक्षांनी नियुक्त केलेल्या लुइस स्ट्रॉस यांच्याविरुद्ध १९५९ मध्ये आणि न्यायाधीशपदासाठी सुचविलेल्या कार्सवेल यांच्याविरुद्ध १९७० मध्ये त्यांनी मत दिले. १९६४ च्या रिपब्लिकन अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांचे नाव मांडण्यात आले. प्रमुख पक्षाच्या अधिवेशनात स्त्रीच्या बाबतीत असे प्रथमच घडले. १९७२ मध्ये त्या पराभूत झाल्या, त्याही रिपब्लिकन उमेदवार म्हणूनच. पक्ष न सोडता पक्षाला विरोध करता येतो, हे या कारकीर्दीने सिद्ध केले. तसे करणारास पक्षाचे संरक्षण मिळत नाही, हेही तिनेच दाखविले.